एकतिसावी फेरी

गोल काढायला काय लागतं? कंपास लागतो, आणि डोकं ठिकाणावर लागतं. मोजणी खात्यात चौतीस वर्षं नकाशे काढून, आणि त्याहून जास्त नकाशे इतरांच्या तोंडावर परत फेकून मुख्य आरेखक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. खात्यात त्यांना सगळे पाठीमागे 'काटकोन' म्हणायचे. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण निरोप समारंभात एक कारकून भाषणाच्या भरात बोलून गेला, आणि त्या दिवशी मिळालेल्या घड्याळाबरोबर ते नावही घरी आलं. मग ते बिल्डिंगमध्ये पसरलं. काटकोनांना त्याचा राग यायचा, पण मनातून नाव पटलेलंही होतं. नव्वद अंशात खोट काढून दाखवा म्हणावं कुणीही.

राग मात्र त्यांना कशाचाही यायचा. पाणी पाच मिनिटं उशिरा आलं की यायचा, पाच मिनिटं लवकर आलं तरी यायचा. आणि राग आला की ते पेन्सिलीला टोक काढायचे. ही सवय खात्यातली. साहेबाला उलट बोलता येत नाही, पेन्सिल तासता येते. निवृत्तीनंतर साहेब गेले, राग राहिला. त्यामुळे घरात कुठलाही डबा उघडा, आत बोटभर उरलेल्या, भाल्यासारखं टोक काढलेल्या दोन-चार पेन्सिली सापडायच्याच. बायकोने याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. खुर्चीखालची सालपटं ती झाडून घ्यायची आणि पुन्हा आपला क्रोशा हातात घेऊन बसायची.

तिचा क्रोशा हा काटकोनांच्या लेखी घरातल्या पंख्यासारखा प्रकार होता. चालू असतो, कुणी बघत नाही. टेबलावर, रेडिओवर, फोनखाली, पाण्याच्या माठावर, जिथे म्हणून सपाट जागा होती तिथे तिचा एकेक गोल रुमाल पडलेला. काटकोनांचा सकाळचा कप तीस वर्षं अशाच एका रुमालावर टेकत आला होता. तो रुमाल कसला आहे असं कुणी विचारलं असतं, तर त्यांना रंगसुद्धा सांगता आला नसता.

यंदा तिने गोल टेबलक्लॉथ काढायला घेतला होता. वाचनालयाचं दरवर्षी हस्तकला प्रदर्शन भरतं, त्यात तिला ओळीने चार वर्षं उत्तेजनार्थ मिळालं होतं. उत्तेजनार्थ म्हणजे काय ते ज्याला मिळतं त्यालाच कळतं. पाचव्या वर्षी तिने ठरवलं की आता पहिला नंबरच. पांढरा बारीक सुती दोरा, ऐंशी सेंटिमीटर व्यास, मधून कडेपर्यंत नुसते खांब, म्हणजे दोऱ्याचे उभे टाके. जाळी नाही, फुलं नाही, लपवायला जागा नाही. चाळीस फेऱ्यांचं काम. पाच महिन्यांत तिच्या तीस झाल्या होत्या.

आणि एका संध्याकाळी खात्यातले एक जुने सहकारी सपत्नीक चहाला आले. त्या बाईंनी टेबलक्लॉथ हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "किती डोकं लागत असेल हो याला."

बायको काहीतरी बोलणार होती. त्याआधी काटकोनच बोलले.

"त्यात कसलं आलंय डोकं? एकदा सुरुवात केली की गोल गोल फिरत राहायचं. आमच्या ऑफिसातल्या शिपायाला बसवला तर तोही करेल."

सहकारी हसले, काटकोन हसले. पाहुणे गेल्यावर बायकोने कप विसळले, क्रोशा घेऊन बसली आणि झोपण्याआधी एक फेरी पुरी केली. काटकोन बातम्या बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नुकत्याच पुसलेल्या जिन्यावरून ती घसरली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. प्रदर्शनाला उरले होते बावीस दिवस.

"राहू दे," दवाखान्यातून परत येताना ती म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू."

"राहू दे काय? फॉर्म भरलाय, पावती घेतलीय. नऊ फेऱ्या राहिल्यात ना? मी करतो."

"हात लावू नका त्याला."

आता ज्या माणसाने तालुक्याच्या सीमा ठरवल्या, त्याला एका टेबलक्लॉथला हात लावू नका म्हणायचं म्हणजे काय? काटकोनांनी घरी येऊन दोन पेन्सिली संपवल्या. मनाच्या अगदी तळाशी दुसरंही काहीतरी टोचत होतं, शिपायाचं काहीतरी, पण त्याकडे त्यांनी बघितलं नाही. ते रागात होते, आणि रागात माणसाला एका वेळी एकच गोष्ट बघता येते.

दुपारी ती झोपली तशी त्यांनी पिशवीतून काम बाहेर काढलं. ती जागी झाली तेव्हा हे महाशय खिडकीत बसून सुई उजव्या हातात धरायची की डाव्या, याचा विचार करत होते.

"आता पुढे काय वाट्टेल ते करा," ती शेवटी म्हणाली. "माझ्या एकतीस फेऱ्यांतली एकही उसवायची नाही. एवढं ऐका."

आणि तिने डाव्या हाताने वर्तमानपत्र उघडलं. त्यानंतर सतरा दिवस या विषयावर ती एक अक्षर बोलली नाही. काटकोन तिला विचारणार नव्हते, ती आपणहून सांगणार नव्हती. हा करार दोघांनी न बोलता केला आणि दोघांनीही पाळला.

सुई कशी चालवायची ते समोरच्या वहिनींनी शिकवलं. या वहिनींना जगातलं सगळं येतं, कारण त्या सगळ्याचे व्हिडिओ बघतात. त्यांनी स्वतः आजवर एक मोबाईलचं पाकीट विणलंय, तेही अर्धं. "सोप्पं आहे काका," त्या म्हणाल्या. "दोरा घ्या, आधीच्या फेरीतल्या घरात सुई घाला, ओढा, पुन्हा ओढा, झाला खांब. प्रत्येक फेरीत थोडे खांब वाढवत जायचे, म्हणजे सपाट राहतं. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर झालर होते."

"थोडे म्हणजे किती?"

"थोडे म्हणजे... अंदाजाने हो."

अंदाज हा शब्द मुख्य आरेखकाच्या घरात उच्चारायचा नसतो, हे वहिनींना कुणी सांगितलं नव्हतं. काटकोनांनी त्यांना दारापर्यंत सोडलं, दार जरा मोठ्याने लावलं, आणि टेबलावर पट्टी, भिंग आणि नवी कोरी वही घेऊन बसले. एक खांब किती उंच? एक सेंटिमीटर. किती रुंद? अर्धा. म्हणजे दर फेरीला त्रिज्या एक सेंटिमीटरने वाढणार, आणि परीघ वाढणार दोन गुणिले बावीस सप्तमांश. त्याला अर्ध्याने भागा. उत्तर आलं बारा पूर्णांक सत्तावन्न शतांश.

त्यांनी बायकोच्या फेऱ्या भिंगाखाली मोजल्या. प्रत्येक फेरीत बरोबर बारा खांब वाढवले होते. सत्तावन्न शतांश गायब. पाच महिने ही बाई दर फेरीला अर्ध्याहून जास्त खांब खाऊन बसली होती. काटकोनांना इतका आनंद निवृत्तीनंतर पहिल्यांदाच झाला. ते मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "ढोबळ काम आहे सगळं." वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला.

मग त्यांनी तक्ता केला. एका फेरीत बारा, पुढच्या फेरीत तेरा, पुन्हा बारा, पुन्हा तेरा, म्हणजे सरासरी जवळ जवळ जमते. कुठल्या फेरीत कितव्या घरात दोन खांब घालायचे ते वहीत लाल पेन्सिलीने लिहिलं. प्रत्येक फेरी संपली की तारीख आणि सही. खात्यात असं काम कधी झालं नसेल.

बत्तिसावी फेरी पुरी व्हायला दोन दिवस लागले. बोटं दोऱ्याने कापली, मान आखडली, आणि मधल्या वेळात वहिनी चार वेळा "जमतंय का?" विचारायला येऊन गेल्या. चार वेळा जमतंय म्हणून सांगायचं म्हणजे काय असतं? काटकोन दातओठ खात खांब घालत राहिले. तेहतिसावी झाली, चौतिसावी झाली. काम ते मांडीवर घेऊनच करत, कारण टेबलावर वही, पट्टी, भिंग आणि तक्ता होता, आणि वहीला धक्का लागलेला त्यांना चालत नसे.

पस्तिसाव्या फेरीनंतर त्यांनी वही बाजूला केली आणि काम पहिल्यांदा टेबलावर पसरलं. मधला भाग छान बसला. कड वर उठली.

काटकोनांनी दाबली. पुन्हा उठली. दुसरीकडून दाबली तर पहिलीकडून उठली. ऐन टेबलावर एक मोठी, उथळ, पांढरीशुभ्र परात बसल्यासारखी दिसत होती. त्यांनी वही काढली. बेरीज बरोबर. गुणाकार बरोबर. बावीस सप्तमांश तर काल आजचे नाहीत. त्यांनी चारही फेऱ्यांचे खांब मोजले, एकेक करून, दोनदा. एकही खांब कमी नव्हता. हिशेब बरोबर आणि वस्तू चूक, असा प्रसंग त्यांच्यावर चौतीस वर्षांत आला नव्हता. खात्यात हिशेब बरोबर असेल तर वस्तूला गप्प बसावं लागतं.

नेमके त्याच वेळी बिल्डिंगचे सेक्रेटरी पाण्याच्या टाकीची नोटीस द्यायला आले. सेक्रेटरींनी टेबलाकडे पाहिलं, चष्मा वर केला, आणि म्हणाले, "टोपी छान होतेय. पण कुणाचं डोकं एवढं मोठं आहे?"

"टेबलक्लॉथ आहे," काटकोन म्हणाले.

"असं होय. मग वजन ठेवा त्यावर. आमच्या सतरंजीचं असंच झालेलं. चार शब्दकोश ठेवा आणि दोन दिवस विसरून जा. राग नका मानू, पण तुम्ही सगळं फार मनावर घेता."

हे शेवटचं वाक्य ज्याने शोधून काढलं त्याला धरून पाण्याच्या त्याच टाकीत बुडवायला पाहिजे. काटकोनांनी नोटीस घेतली, सही केली, सेक्रेटरींना लिफ्टपर्यंत पोचवलं आणि आल्यावर छत्तिसावी फेरी घातली. एका बैठकीत. दोरा तीनदा तुटला.

शब्दकोश ठेवले. दोन दिवसांनी काढले. कड उठली ती उठलीच, वर एका खंडाच्या पुठ्ठ्याचा लाल रंग एका जागी उतरला.

वहिनी म्हणाल्या, "काका, तुम्ही खांब कमी घातलेत. पुढच्या फेरीत सरसकट एका घरात दोन-दोन घाला, मोकळं होईल बघा." गणित सोडून वहिनींचं ऐकणं ही काटकोनांच्या आयुष्यातली सगळ्यात खालची पायरी होती, पण वस्तू जमा करायला दिवस सहाच उरले होते. त्यांनी ऐकलं. सदतिसावी फेरी साडेआठशे खांबांची झाली. आता परातीला झालर लागली. नाचातल्या घागऱ्याची लागते तशी, हलवली की लाटा उठायच्या.

बायको वर्तमानपत्र वाचत होती. ती हसली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. तिने फक्त पान उलटलं. एक माणूस एक वर्तमानपत्र दिवसातून किती वेळा वाचू शकतो, याचाही त्यांना राग आला. त्यांनी ती फेरी उसवली, तक्त्याप्रमाणे पुन्हा घातली, आणि त्याच तावात अडतिसावी, एकोणचाळिसावी, चाळिसावी. शेवटची गाठ मारली तेव्हा सुईचा आकडा किंचित वाकला होता.

उरला एकच उपाय. काटकोनांनी माळ्यावरून आपला जुना नकाशाचा फळा उतरवला. टेबलक्लॉथ ओला केला, फळ्यावर ताणून बसवला आणि कडेने दर पाच अंशांवर एक अशा बहात्तर टाचण्या ठोकल्या. टाचण्या खात्यातल्याच, निवृत्त होताना आठवण म्हणून आणलेल्या. रात्रभर तसाच ठेवला. सकाळी टाचण्या काढल्या. कड पाच मिनिटं सपाट राहिली, मग हळूहळू, अगदी सावकाश, वर आली. आणि त्या वर आलेल्या कडेवर दर पाच अंशांवर एक, असे गंजाचे बहात्तर ठिपके होते. अंतर मात्र अचूक होतं.

त्या दिवशी वस्तू जमा करायची शेवटची तारीख होती. काटकोन टेबलक्लॉथ पिशवीत घालून वाचनालयात गेले. बायकोला सांगितलं नाही. तिने विचारलं नाही.

ग्रंथपालबाईंनी पिशवीतून वस्तू काढली, तपासणीच्या टेबलावर ठेवली, आणि खणातून पट्टी आणि चहाची बशी बाहेर काढली.

"बशी कशाला?"

"नियम सात. कडेवर बशी ठेवली असता ती कलंडता कामा नये. कड टेबलापासून तीन मिलिमीटरपेक्षा जास्त उठता कामा नये."

"हा काय नियम आहे? सुती दोऱ्याचं काम आहे, काचेची लादी नाही. कुठल्या शहाण्याने केला?"

बाईंनी फाईल काढली. पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. दोन वर्षांपूर्वी वाचनालयाने मोजमापाचे तज्ज्ञ म्हणून काटकोनांना समितीवर बोलावलं होतं. नियम सात त्यांच्याच अक्षरात होता. खाली सही होती, लाल पेन्सिलीने. समितीतल्या बायका तेव्हा म्हणाल्या होत्या की सूत थोडं इकडे तिकडे होतंच, आणि त्यांना उत्तर देऊन गप्प बसवलेलं काटकोनांना चांगलं आठवत होतं.

बाईंनी कडेवर बशी ठेवली. बशी कलंडली, घसरली आणि मध्यभागी जाऊन बसली. बाईंनी पट्टी लावली.

"एकोणीस मिलिमीटर."

"साडेअठरा," काटकोन सवयीने म्हणाले.

"साडेअठरा," बाईंनी लिहून घेतलं. "सपाट वर्गात बसत नाही. 'टोप्या, टोपल्या व पोकळ वस्तू' या वर्गात घेता येईल. त्यासाठी मूळ अर्ज रद्द करण्याचा अर्ज, वर्गबदलाचा अर्ज, आणि वस्तू दुसऱ्या कुणी पुरी केली असेल तर सहायकाचं लेखी निवेदन. सहायक कोण?"

काटकोनांनी फाईल मिटली.

"शेवटच्या फेऱ्या काकूंच्या नाहीत ना? त्यांचं काम मी ओळखते. सहायक म्हणून कुणाचं नाव घालू?"

ज्या माणसाच्या हाताखाली सोळा सहायक आरेखक होते, त्याला हा प्रश्न. काटकोनांनी टेबलक्लॉथ उचलला, पिशवीत कोंबला आणि बाहेर पडले. रस्ताभर ते स्वतःशी बोलत होते. पेन्सिल जवळ नव्हती हे लोकांचं नशीब.

घरी येऊन त्यांनी पिशवी जेवणाच्या टेबलावर आपटली.

"घे. हे मुळातच सदोष आहे. माझा तक्ता बघ, एकेक खांब मोजलाय. गणित बरोबर आहे. दोराच नालायक आहे, नाहीतर सुई. नाहीतर तू सुरुवातच चुकवलीयस."

बायकोने वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं. सतरा दिवसांत पहिल्यांदा ती खुर्चीवरून उठून टेबलापाशी आली. डाव्या हाताने तिने टेबलक्लॉथ पिशवीतून काढला, पसरला, आणि तळहात मधोमध ठेवून हळूहळू बाहेरच्या बाजूला सरकवत नेला. गंजाच्या ठिपक्यांवर तिची नजर क्षणभर थांबली.

"गणित बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली.

काटकोन गोंधळले. या वाक्याची त्यांनी तयारी केली नव्हती.

"मग?"

"हात घट्ट आहे. ही बघा," तिने एका फेरीवर बोट ठेवलं. "ही, वहिनी चार वेळा आल्या होत्या तेव्हाची. खांब बघा कसे आखडलेत. ही छत्तिसावी, सेक्रेटरी येऊन गेले तेव्हाची. ही तर सुईला आतच जाऊ देत नाही. आणि या शेवटच्या चार, झालर उसवल्यावरच्या. दोरा ओढता की कुणाचा गळा आवळता? खांब घट्ट झाला की अरुंद होतो. मग बारा वाढवा नाहीतर तेरा, परीघ कमीच पडतो आणि कड वर येते. तुमच्या वहीत खांब किती ते आहे. कुठल्या मनाने घातला ते नाही."

काटकोनांनी भिंग घेतलं. बघितलं. आणखी बारकाईने बघितलं. आणि बघता बघता त्यांना काहीतरी दिसलं. ते एकदम खाली वाकले, पट्टी उभी धरली, टेबलाच्या पातळीला डोळा नेला.

"थांब," ते म्हणाले. "थांब, थांब. बत्तिसावीपासून नाही. तिच्या आतली फेरी बघ. उठायला सुरुवात तिथून झालीय. तीसपर्यंत सगळं सपाट आहे आणि एकतिसावीला उचललंय. ही माझी नाही. ही तुझी आहे."

त्यांच्या आवाजात असा विजय होता की समोरच्या वहिनींनी दार उघडून पाहिलं असावं. सतरा दिवसांत पहिल्यांदा ते जिंकले होते.

"हो," बायको म्हणाली. "माझीच आहे."

"मोज. बाराच वाढवलेत. मग घट्ट का? तुझाही हात घट्टच की. सुरुवात तू केलीस."

"ती पाहुणे आले होते त्या संध्याकाळची आहे."

"कुठले पाहुणे?"

मग काटकोनांना आठवलं. सहकारी, त्यांची बायको, चहा, बातम्या. शिपाई. पट्टी त्यांच्या हातात तशीच उभी राहिली. ती खाली ठेवावी हेही त्यांना सुचलं नाही.

"तीस वर्षं," बायको म्हणाली, आणि तिचा आवाज जराही चढला नव्हता, म्हणून ते जास्त लागत होतं. "तीस वर्षं राग आला की मी क्रोशा घेऊन बसते. तुम्ही पेन्सिल घेऊन बसता, मी हे. राग येतो, पण हात सैल ठेवायचा. तेच तर शिकायचं असतं त्यात. तुमचं ते डोकं म्हणता ना, ते तिथे लागतं. त्या एका संध्याकाळी नाही जमलं मला. सकाळी उसवून परत घालणार होते. तर सकाळी जिना आला."

काटकोन खुर्चीवर बसले. मग त्यांनी आपला कप ज्या रुमालावर असायचा तो ओढून घेतला, कप बाजूला केला आणि भिंग लावलं. तीस वर्षांपूर्वीच्या एकेका फेरीवरून त्यांची नजर फिरत होती. कुठेच काही उठलेलं नव्हतं. सगळं सपाट होतं. याचा अर्थ काय, ते त्यांना आत्ता कळत होतं, आणि त्यांना राग येत होता. पहिल्यांदाच कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

त्यांनी चाळिसाव्या फेरीची गाठ सोडली आणि दोरा ओढायला लागले. सतरा दिवसांचं काम पाऊण तासात उसवलं. गंज गेला, शब्दकोशाचा लाल डाग गेला. बायको डाव्या हाताने, बिचकत बिचकत, दोऱ्याचा गुंडा करत होती, डागाळलेला तुकडा आला की काटकोन तो कापून टाकत होते. बत्तिसावी संपली तसे ते थांबले.

"हीही उसवू?"

बायकोने विचार केला.

"नको. मी सांगितलं होतं ना, माझी एकही उसवायची नाही. ती राहू दे. पुढच्या फेरीत चार खांब जास्त घाला, तेवढ्याने ती दबते."

"दबते म्हणजे?"

"दिसत नाही. असते."

काटकोनांनी वही उघडली, मग बंद केली. वाकलेली सुई टेबलाच्या कडेवर दाबून सरळ केली आणि पहिला खांब घातला.

"सैल," बायको म्हणाली.

दुसरा घातला.

"सैल. अजून."

तेवढ्यात फोन वाजला. ग्रंथपालबाई होत्या. वस्तू परत नेली असल्याने प्रवेशिका मागे घेण्याचा अर्ज दोन प्रतींत द्यावा लागेल, आणि नियम सातमध्ये काही दुरुस्ती सुचवायची असल्यास समितीची बैठक पुढच्या वर्षी आहे. काटकोन "हो, हो" म्हणाले. फोन ठेवून त्यांनी सुई उचलली, आणि पुढचा खांब असा ओढला की दोरा करकरला.

बायकोने तो खांब डाव्या हाताने सोडवला.

"राग आला की सुई खाली ठेवायची असते का?" काटकोनांनी विचारलं. विचारतानाही ते रागातच होते.

"तसं करून चालत नाही," ती म्हणाली. "मी ठेवली असती तर या घरात एक रुमाल पुरा झाला नसता."

तिने दोरा त्यांच्या बोटाला पुन्हा वेढून दिला, थोडा ढिला. काटकोनांनी तो खांब परत घातला.